उजवा हात मुठीवर

समोरून येणारा एम.आर. ओळखायला चेहरा लागत नाही. चैत्र-वैशाखात तर खान्देशातल्या रस्त्यावर कुणाचाच चेहरा दिसत नाही. बागायतदार रुमाल डोक्यावरून, कानांवरून, नाकावरून घट्ट बांधलेला आणि त्यावर गॉगल, नाहीतर हेल्मेट. तरी टाकीवर बांधलेली चौकोनी काळी बॅग, इस्त्रीचा शर्ट, वाऱ्याने खांद्यावरून मागे उडालेला टाय आणि धुळीतही पॉलिश राखलेले बूट एवढ्यावरून लांबूनच कळतं, हा आपल्यातला. औषध कंपनीचा प्रतिनिधी. कोणत्या कंपनीचा, ते गाडी जवळ आली की कळतं, कारण कोण कोणती गाडी चालवतो हे सगळ्यांना पाठ असतं.

मी १९९६ साली जळगाव हेडक्वार्टरला रुजू झालो. आमच्या कामात दौऱ्याचे दोन प्रकार. सकाळी जाऊन रात्री घरी यायचं ते एक्स-स्टेशन आणि मुक्काम करायचा ते आउटस्टेशन. चोपडा, यावल, फैजपूर, सावदा, रावेर, अमळनेर, एरंडोल, पारोळा, पाचोरा, जामनेर ही एक्स-स्टेशनं. धुळे, शिरपूर, दोंडाईचा, चाळीसगावला मुक्काम. एसटीने हे जमत नाही. डॉक्टरांची सकाळची ओपीडी दुपारी संपते, दुसरी संध्याकाळी उघडते, आणि मधल्या वेळात पुढचं गाव गाठायचं असतं. म्हणून मोटारसायकल. ऊन कितीही असो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हाही टाय बांधूनच निघायचं.

तेव्हा मोबाइल आमच्या खिशात आले नव्हते. ममुराबाद, विदगावचा तापीवरचा पूल, धानोरा, अडावद करत चोपड्याला पोचावं, आणि तिथे कळावं की गावात कुणा मोठ्या माणसाचं निधन झालंय, सगळे डॉक्टर अंत्ययात्रेला गेलेत, ओपीडी बंद. सगळा दिवस वाया. यावर उपाय रस्त्यावरच तयार झालेला होता, माझ्या आधीच्या पिढीने केलेला. समोरून परत येणाऱ्या एम.आर.ने डावा पंजा पालथा धरून हवेत दोनदा आडवा फिरवला की समजायचं, ओपीडी बंद. अंगठा वर दिसला की डॉक्टर बसलेत, जा. टायच्या गाठीवर दोन बोटं टेकवली की कुणाचे तरी मॅनेजर गावात आलेत, एम.आर.सोबत फिरण्याचं त्यांचं जॉइंट वर्क चालू आहे, दवाखान्यांत गर्दी असेल. हे कुणी शिकवलं नाही. पहिल्या काही दौऱ्यांत कुणीतरी थांबून सांगितलं, पुढचं बघून बघून कळलं.

यातली मोठी गोष्ट मला नंतर उमगली. मला परत फिरवणारा तो माणूस माझ्या विरोधी कंपनीचा होता. ज्या डॉक्टरांनी माझ्या अँटिबायोटिकऐवजी त्याचं लिहावं म्हणून तो सकाळपासून झटत होता, त्याच डॉक्टरांची खबर त्याने मला फुकट दिली आणि माझं पेट्रोल वाचवलं. दवाखान्याच्या बाकावर आम्ही प्रतिस्पर्धी, रस्त्यावर मात्र कधीच नाही. दोन गाड्या ताशी साठच्या वेगाने समोरासमोर येतात तेव्हा त्यांच्यातलं अंतर सेकंदाला तेहतीस मीटरने कमी होतं. शंभर मीटरवरून ओळख पटली तर सांगायला तीन सेकंद मिळतात. त्या तीन सेकंदांत एवढं सगळं बोलून व्हायचं, आणि शेवटच्या क्षणी मान हलवून निरोपही.

हे सगळं डाव्या हाताने चालायचं. इथे एक अडचण आहे. मोटारसायकल चालवणाऱ्या प्रत्येकाला ती रोज भेटते, पण फार कमी लोक तिच्याबद्दल बोलतात.

मोटारसायकलवर उजवा हात दोन कामांत गुंतलेला असतो, रेस आणि पुढचा ब्रेक. गाडी थांबवण्याचं निम्म्याहून जास्त काम पुढचा ब्रेक करतो, कारण ब्रेक लागताच बरंचसं वजन पुढच्या चाकावर येतं. ताशी साठला दोन सेकंद उजवा हात मुठीवरून उचलला तर गाडी तेहतीस मीटर पुढच्या ब्रेकविना जाते. शिवाय रेस सुटल्यामुळे ती एकदम मंदावते आणि मागच्याला ते कळत नाही, कारण ब्रेकचा दिवा लागलेलाच नसतो. डाव्या हातात फक्त क्लच. गिअर पडलेला असला की तो हात मोकळा.

आता कायदा काय सांगत होता ते बघा. १९८९ साली केंद्र सरकारने रस्त्यावर चालण्याचे जे नियम केले, त्यांत चालकाने हाताने द्यायचे इशारे दिले होते. हळू होणार असाल तर उजवा हात बाहेर काढून तळवा खाली, खालीवर हलवायचा. थांबणार असाल तर उजवा हात कोपरातून सरळ वर. उजवीकडे वळायचं तर उजवा हात आडवा, तळवा पुढे. डावीकडे वळायचं तर तोच उजवा हात घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा. मागच्याला पुढे जाऊ द्यायचं तर तोच हात मागेपुढे अर्धवर्तुळात. सगळे इशारे उजव्या हाताचे. आपल्याकडे मोटारीत चालक उजवीकडे बसतो आणि त्याची खिडकी उजवीकडे असते. त्याच्यासाठी हे बरोबर आहे. मोटारसायकलवाल्यासाठी मात्र तो हात म्हणजे जिवावरची मूठ. १९८८च्या मोटार वाहन कायद्यानेच वळण्याचा किंवा थांबण्याचा इशारा दिव्याने दिला तरी चालेल अशी मुभा दिली होती, आणि २०१७ साली ते जुने नियम बदलून नवे आले. तरी लायसन्स काढायला जाणारी पोरं आजही तक्त्यावरचे ते मोटारीतल्या माणसाचे उजवे हात पाठ करतात आणि स्प्लेंडरवर बसून घरी जातात.

कायद्याच्या वर आपले संस्कार. आपल्याकडे प्रसाद उजव्या हाताने घ्यायचा, पैसे उजव्या हाताने द्यायचे, वडीलधाऱ्यांना डाव्या हाताने काही केलेलं चालत नाही. म्हणजे यंत्र, कायदा आणि घरची शिकवण, तिघंही एकच हात मागतात. भररस्त्यात प्रत्येकाने आपापला निवाडा करायचा.

पाळधीच्या पुढे आम्हाला रोज एक दूधवाले आबा भेटायचे. राजदूत, दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन, पांढरं धोतर, डोक्यावर टोपी. आमच्यासारख्या पोरांनी डाव्या हाताची दोन बोटं उचलली की त्यांचं उत्तर नेहमी उजव्या हाताने यायचं, कपाळापर्यंत नेऊन, पूर्ण राम राम. मला भीती वाटायची. एकदा चहाच्या टपरीवर मी त्यांना म्हटलं, आबा, मुठीवरचा हात सोडत जाऊ नका, कॅन भरलेल्या असतात. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, ‘डावा हातघाई राम राम करतस का भाऊ?’ मग मी त्यांच्याकडे नीट लक्ष द्यायला लागलो. हात उचलण्याच्या कितीतरी आधी ते गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला घ्यायचे, रेस उतरवायचे, गाडी जवळजवळ सायकलच्या चालीवर आणायचे, आणि मग हात कपाळाला. राम राम करायचा म्हणून ते आधी त्याची तयारी करत. त्यांच्या चालीला ते शोभत होतं आणि त्यात धोकाही नव्हता. आम्हाला साठच्या वेगात ते झेपणारं नव्हतं, आणि संध्याकाळच्या ओपीडीच्या आत पोचायचं म्हणून वेग कमी करणंही परवडत नव्हतं.

मी स्वतःसाठी ठरवलं ते असं. बरोबरीच्याला डाव्या हाताची दोन बोटं, हात हँडलवरून न सोडता. वयाने मोठ्याला फक्त मान, पण पूर्ण झुकवून, आणि डोळे त्याच्याकडे. हेल्मेट घालायला लागल्यावर मान थोडी जास्त झुकवावी लागते, नाहीतर समोरच्याला दिसत नाही. आबांनी माझी ती मान स्वीकारली. माझ्या दृष्टीने प्रश्न तिथे सुटला.

पुढे वाचनात आलं की ही गाठ जगभरच्या मोटारसायकलस्वारांना आपापल्या परीने सोडवावी लागली आहे. जिथे वाहतूक उजवीकडून चालते तिथे समोरचा आपल्या डाव्या हाताला येतो आणि मोकळा डावा हात सरळ बाहेर काढता येतो. अमेरिकेत तसं करतात. ब्रिटनमध्ये आपल्यासारखी डावीकडून वाहतूक. समोरचा उजवीकडून जातो आणि उजवा हात गुंतलेला. तिथले स्वार मान हलवतात. जपानमध्येही वाहतूक डावीकडून. होक्काइदोच्या लांब रस्त्यांवर अनोळखी स्वार डावा हात उंच करून एकमेकांना ओळख देतात. फ्रान्समध्ये तर एखाद्या मोटारवाल्याने बाजूला होऊन वाट दिली की त्याला ओलांडताना उजवा पाय बाहेर काढून आभार मानतात, कारण मोटारवाला उजवीकडे आणि उजवा हात मुठीवर. आपल्याकडे कुणाला पाय दाखवला तर भांडण होईल. पण पाळधीच्या आबांनी आणि फ्रान्समधल्या त्या स्वाराने एकाच अडचणीवर आपापल्या रीतीने विचार केलेला आहे, हे मला फार आवडतं.

हे झालं ओळखीचं. रस्त्यावर सगळ्यात जास्त हात हलतात ते मात्र अनोळखी माणसासाठी, आणि खान्देशातल्या रस्त्यांबद्दल मला खरा अभिमान वाटतो तो यामुळे. स्टँड खाली राहिलं असेल तर गावाच्या वेशीपासून बसस्टँडपर्यंत दहा माणसं सांगतात. कुणी पायाने, कुणी खाली बोट करून, कुणी नुसतं ‘ओ भाऊ, स्टँड!’ डावीकडे वळताना खाली राहिलेलं स्टँड डांबराला टेकलं की गाडी उलटते, हे प्रत्येकाने कुठेतरी पाहिलेलं असतं. आता बऱ्याच नव्या गाड्या स्टँड खाली असताना गिअर टाकला की बंद पडतात, आणि तरीही सांगणारे थांबलेले नाहीत. इंडिकेटर चालू राहिला असेल तर पाची बोटं मिटायची-उघडायची. पूर्वी दिवसा हेडलाइट चालू असेल तरी तीच बोटं.

या हेडलाइटवरून २०१७ साली मोठी गंमत झाली. १ एप्रिलपासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू झालं की आपोआप लागणार, बंद करायचं बटणच नाही, असा नियम झाला. कारण साधं होतं, दुचाकी लांबून दिसावी. नवी गाडी घेतलेला आमचा एक सहकारी धुळ्याहून जळगावला आला तो मुकटी, पारोळा, एरंडोल, सगळीकडे लोकांची मिटणारी-उघडणारी बोटं बघत. तो वैतागून म्हणाला, किती जणांना सांगू की तो बंदच होत नाही. मला ते ऐकून बरं वाटलं. एवढी सगळी अनोळखी माणसं, शेतातून चाललेली, पोरांना शाळेत सोडायला निघालेली, त्याची बॅटरी उतरू नये म्हणून हँडलवरचा हात उचलत होती. इशारा जुना झाला होता, काळजी तर खरी होती. पुढे दोन-तीन वर्षांत हळूहळू तो इशारा बंद पडला.

पदराचा इशारा सगळ्यात अवघड, आणि तो कसा द्यायचा हे मला नीट सांगावंसं वाटतं. आपल्याकडे मागे बसणाऱ्या बाया बहुतेक एका बाजूने पाय सोडून बसतात. मांडीवर लेकरू, हातात पिशवी. लुगडं असो, साडी असो की ओढणी, सुटलेलं टोक वाऱ्याने मागच्या चाकाकडे जातं. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३वा नियम सांगतो की मागे माणूस बसणाऱ्या गाडीला धरायला कडी हवी, पाय टेकायला जागा हवी आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकेल असं संरक्षण हवं, कपडे अडकू नयेत म्हणून. आपण ज्याला साडी गार्ड म्हणतो ते हेच. तरुण पोरं गाडी देखणी दिसावी म्हणून ते काढून ठेवतात, आणि त्याच गाडीवर आईला बसवून लग्नाला नेतात. याचा मला राग येतो.

पदर चाकाशी दिसला की शेजारी जाऊन जोरजोरात हॉर्न वाजवत ओरडणारे पुष्कळ. त्यांचा हेतू चांगला असतो. पण त्याने बाई दचकते, वळून बघते, तिचा तोल जातो. किंवा ती पदर हिसका देऊन ओढते, आणि टोक आधीच आऱ्यांत गेलेलं असेल तर तीच खेचली जाते. गाडी चालवणारा काय झालं म्हणून मान मागे वळवतो आणि त्याचा पुढचा रस्ता सुटतो. म्हणून आधी चालवणाऱ्याला सांगायचं, बाईला नंतर. त्याच्या उजवीकडून, चांगलं अंतर राखून, थोडं पुढे जायचं. हॉर्न एकदाच, लहान. डावा हात कमरेच्या खाली, तळवा जमिनीकडे, सावकाश खालीवर, म्हणजे हळू. त्याने रेस सोडली की मग बोट मागच्या चाकाकडे. शब्द लागलाच तर ‘भाऊ, बाजूला घ्या.’ पदर हा शब्द गाडी थांबत आल्यावर.

धरणगाव फाट्याजवळ एका ताईंच्या ओढणीचं मला असंच सांगावं लागलं होतं. गाडी थांबली तेव्हा ओढणीचं टोक चेनच्या ऑइलने काळं झालेलं होतं. त्या भाऊंनी ते हातात धरून पाहिलं, काही बोलले नाहीत. ताईंनीच ओढणी काढून कमरेला गाठ मारून बांधली, मांडीवरच्या पोराला घट्ट धरलं आणि म्हणाल्या, ‘चाला आता, उशीर होई राहिना.’ बस, एवढंच. मला त्याहून जास्त काही नको होतं.

बाकीचे इशारे प्रत्येक मोसमाचे. दिवाळीनंतर कापूस निघतो आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर दोन्ही बाजूंना इतका फुगलेला असतो की मागून ट्रॅक्टरचा दिवाही दिसत नाही. त्यावर बसलेला मजूर हात करतो तेव्हाच पुढचं कळतं. रावेर-सावद्याकडे केळीचे ट्रक बांधावरून रस्त्यावर चढताना कुणीतरी आधी उतरून रस्त्यात उभं राहतं, दोन्ही हात पसरून. बैलगाडीवाला वळायच्या आधी पराणी त्या बाजूला आडवी धरतो, आणि त्याचा तो इशारा मी आजवर खोटा ठरलेला पाहिला नाही. धुळे-साक्रीकडे ठेलारी मेंढपाळांचे कळप रस्ता ओलांडतात. पुढच्या ठेलाऱ्याने काठी वर केली की इंजिन बंद करून थांबावं, हॉर्न वाजवू नये, मेंढ्या बिथरतात. चैत्रात वणीच्या गडाकडे पायी निघालेले सप्तशृंगीचे भाविक रात्रीच्या वेळी मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेने चालत असतात. त्यांच्या मागून यायचं तर दिवा डिपरवर ठेवायचा आणि जाताना ‘बोल अंबे माते’ला मान हलवायची.

डिपरचा आणखी एक उपयोग सगळ्यांना ठाऊक आहे. पुढे पोलीस तपासणी करत असले की समोरून येणारे डिपर मारतात, किंवा दोन बोटं खांद्यावर ठेवून दाखवतात. ‘पुढे शेतस’, म्हणजे पुढे आहेत. मी हा इशारा देत नाही. हेल्मेट नसलेल्या पोराला आडवाटेने पळवून लावणं याला मी मदत मानत नाही. आमच्यातला एक मित्र अमळनेरहून परतताना गेला, डोक्याला मार लागून. त्या दिवशी स्मशानापर्यंत सगळ्या कंपन्यांचे एम.आर. आपापल्या गाड्यांचे दिवे लावून गेले, भर दुपारी. त्यानंतर कुणाला हेल्मेटच्या तपासणीतून वाचवायला माझा हात उचलला गेला नाही. खड्डा, अपघात, सांडलेलं डिझेल, पुलावर पाणी, यासाठी मात्र डिपर मारतो, आणि हाताने ‘हळू’ही दाखवतो.

अलीकडे रविवारी बुलेटवाल्यांचे गट दिसतात, तोरणमाळला, अजिंठ्याला, पालच्या जंगलाकडे निघालेले. त्यांचे इशारे शिकून घेतलेले असतात. एक बोट वर म्हणजे एकामागे एक रांग, दोन बोटं म्हणजे दोघं दोघं. डावीकडचा खड्डा डाव्या हाताने किंवा डाव्या पायाने दाखवायचा, उजवीकडचा उजव्या पायाने, मूठ सोडायची नाही. टाकीकडे बोट म्हणजे पेट्रोल. पुढच्याने केलेला इशारा रांगेतल्या प्रत्येकाने मागे पोचवायचा. पाय वापरण्याची ही रीत मला पटली आणि मी ती उचलली. रस्त्याकडे दाखवलेला पाय कुणाच्या अपमानाचा नसतो, हे आमच्या भागातल्या लोकांनाही लगेच कळतं. या गटांनी आपसांत जेवढे इशारे ठेवलेत, त्यांतले थोडे बाजूने जाणाऱ्या दूधवाल्यालाही द्यावेत असं वाटतं. खड्डा त्याच्यासाठीही तेवढाच खोल असतो.

आमचा आपसांतला नमस्कार कमी झाला, त्याला माणसं कारण नाहीत. रस्ता कारण आहे. हजिऱ्याहून धुळे, जळगाव, नागपूरकडे जाणारा जुना सहा नंबरचा हायवे, आताचा ५३, फागणे ते तरसोद चौपदरी झाला. त्यासाठी खान्देशातल्या लोकांनी फार वर्षं वाट पाहिली. जळगाव शहरातून जाणाऱ्या तुकड्यावर माणसं मरत होती आणि समांतर रस्त्यांसाठी लोकांना आंदोलनं करावी लागली. रस्ता झाला हे चांगलंच झालं. मध्ये दुभाजक आला, समोरासमोरच्या धडका टळल्या. पण समोरून येणारा मित्र आता दुभाजकाच्या पलीकडे, झाडांच्या आडून जातो. दोन बोटं कुणाला दाखवणार? आता ओपीडी बंद असल्याचं व्हॉट्सॲपवर घरून निघायच्या आधीच कळतं. चोपड्याकडे, बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर, अमळनेरच्या आतल्या रस्त्यांवर अजून माणसं समोरून येतात आणि तिथे मान हलते. नवी पोरंही हलवतात. त्यांना हे कुणी सांगितलं, मला माहीत नाही. मी तरी सांगितलं नव्हतं.

राहिला ट्रकवाल्यांचा हात. यावर मी सगळ्यात जास्त विचार केलाय.

दुपदरी रस्त्यावर पुढे ट्रक असला की मोटारसायकलवाला आंधळा असतो. ट्रकवाल्याला पुढचं सगळं दिसतं, म्हणून तो खिडकीतून उजवा हात काढून मागेपुढे हलवतो: ये, जा पुढे. १९८९च्या नियमांत हाच इशारा होता, म्हणजे त्याची रीत कायद्यातलीच. कुणी हाताऐवजी उजवा इंडिकेटर देतो. आणि तो उजवा इंडिकेटर फार घातक आहे, कारण त्याचे तीन अर्थ रस्त्यावर चालतात. एक जण तो ‘पुढे जा’ म्हणून देतो, दुसरा ‘समोरून गाडी येतेय, थांब’ म्हणून, आणि तिसरा खरोखरच उजवीकडे वळणार असतो. मागच्याने कोणता अर्थ घ्यायचा? मी इंडिकेटरवर कधीच गाडी काढत नाही. हाताचा अर्थ तरी एकच आहे.

तरीही हात पुरत नाही, हे मी चौपदरीकरणाच्या काळात पाहिलं. मुकटीच्या अलीकडे रस्त्याची एक बाजू उकरलेली, धुरळा, लाल-हिरवी झेंडी घेतलेले मजूर. माझ्या पुढे एक तरुण शेतकरी, मागे ढेपेची पोती बांधलेली, आणि त्याच्या पुढे ट्रक. ट्रकवाल्याने हात केला. पोरगा निघाला. त्याच वेळी उजवीकडच्या शेतातून एक रिकामा ट्रॅक्टर रस्त्यावर चढला. ट्रकवाल्याने क्षणात ब्रेक मारून ट्रक डावीकडे दाबला, जागा दिली, पण पोरगा घाबरून उकरलेल्या बाजूच्या मऊ भरावात गेला आणि पडला. गळपट्टीचं हाड मोडलं, जीव वाचला. त्याला उचलायला सगळ्यात आधी धावला तो ट्रकवालाच. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्याने आपल्या पंच्याने त्या पोराचं तोंड पुसलं, पाणी पाजलं.

नंतर ढाब्यावर तो माझ्या समोर बसला होता. राजस्थानकडचा, वयाने माझ्याएवढा. चहा गार होऊन गेला. तो हिंदीत सांगत राहिला की त्याने समोरचा रस्ता पाहिला होता, अगदी लांबपर्यंत, आणि तो मोकळाच होता. शेतातून काय चढतंय ते त्याच्या जागेवरून दिसत नाही. आरशात पोराच्या मागे काय आहे तेही नीट दिसत नाही. ‘मी हात केला,’ तो म्हणाला, ‘तेव्हा मला दिसलं तेवढंच सांगितलं.’ त्याला मी काय बोलणार? त्याने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. आमच्या शेजारी दुसऱ्या खाटेवर बसलेले एक शेतकरी नाना मला हळूच म्हणाले, ‘त्याना हातवर नको देखू भाऊ, रस्ता देख.’

तेव्हापासून माझा शिरस्ता आहे. ट्रकवाल्याचा हात ही खबर समजायची. पुढे जायचं की नाही, हे रस्ता स्वतःला दिसल्यावर ठरवायचं. आणि मी स्वतः मागच्या कुणाला ‘ये’ असा हात कधी करत नाही. घाईत असला तर गाडी डावीकडे घेतो, वेग कमी करतो, त्याला रस्ता दिसेल अशी जागा करून देतो. ओलांडायचं ते त्याने बघावं.

आता मी मॅनेजर आहे आणि जॉइंट वर्कला नव्या मुलांच्या मागे बसतो. औषधांचं ते कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये शिकून आलेले असतात. रस्त्याचं त्यांना माझ्याकडून ऐकावं लागतं. मागच्या खेपेला पारोळ्याकडे जाताना एकाने विचारलं, सर, ट्रकवाल्याने हात केला आणि आपल्याला जायचं नसेल तर नुसतं मागे राहायचं का? मी म्हटलं, नाही. नुसतं मागे राहिलं तर त्याला वाटतं याने पाहिलंच नाही. तो पुन्हा पुन्हा हात करत राहतो, त्याचा एक डोळा आरशात अडकतो, आणि पुढे त्याच्याच हातून काही व्हायचं. त्याच्या उजव्या आरशात आपण दिसू एवढं बाजूला यायचं. डावा हात छातीशी नेऊन एकदा मान हलवायची, बघितलं आणि आभार, म्हणून. मग पुन्हा मागे सरकायचं, चांगलं अंतर ठेवून. बहुतेक ड्रायव्हरांना कळतं, त्यांचा हात आत जातो. पुढे सरळ रस्ता लागला, आपल्याला स्वतःला दिसला की ओलांडायचं आणि जाताना एक लहान हॉर्न द्यायचा.

‘आणि त्याने परत हात केला तर?’

‘परत मान हलवायची.’